मुरवानीसाठी औषध

मुलांनो, एक खोली डोळ्यांपुढे आणा. मधे टेबल, टेबलापलीकडे डॉक्टरीणबाई, अलीकडे तीन खुर्च्या. मधल्या खुर्चीवर तुमची आई बसली आहे, आणि ती एकाच वेळी हसते आहे आणि रडते आहे. आणलीत? आता स्वतःच्या जागी वेनिंगला बसवा, कारण ही तिची आई आहे, मुरवानी.

मुरवानीचा आजार मनाचा. कधी तो तिला उधाण आणायचा, तेव्हा ती न झोपता कापडं रंगवत सुटायची. कधी पार खाली ढकलायचा, तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. या खेपेला दोन्ही एकदम आलं होतं. एकाच घरात एकाच दिवशी लग्न आणि मयत असावी तसं. अंगात धावायचं बळ आणि डोक्यात मरायचा विचार. वेनिंगला भीती वाटत होती ती त्याची. पडून राहणारी आई निदान खोलीत सापडायची.

शुक्रवार होता, आणि शुक्रवारी कामावर बाटिक घालायची आमच्या जावा बेटावर रीत आहे, म्हणून डॉक्टरीणबाईंनी बाटिकचा झगा घातला होता.

“हे बाटिक नव्हे,” मुरवानी भराभरा बोलली. “यंत्रानं छापलंय. उलटी बाजू बघा, फिकी असेल. फसवलं तुम्हाला!”

तिचा नवरा पार्योनो खुर्चीत आक्रसला. आमच्याकडे मोठ्या माणसाशी असं कोणी बोलत नाही.

“माहीत आहे हो,” डॉक्टरीणबाई हसल्या. “तुमच्यासारखीच्या हातचं हवं तर किती थांबावं लागतं! बरं, आता औषधाचं बोलू. मनाचा तोल धरून ठेवायला एक लिथियम आहे. जीव द्यायचा विचार ते चांगलं आवरतं. पण सावकाश. आणि त्यानं हात थोडा थरथरू शकतो.”

“हो,” पार्योनो म्हणाला.

मुरवानीनं आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. बारीक तोटीच्या लेखणीतून वितळलेलं मेण कापडावर सोडायचं, हे तिचं बाटिकचं काम. हात हलला की ठिपका पडतो, आणि तो ठिपका कापडातून पुरता कधी निघत नाही.

“दुसरं एक आहे. दोन्ही एकदम आलं की ते लवकर पकड घेतं. पण ते चालू असताना दिवस राहिले तर बाळाला अपाय होतो. तुम्हाला तर अजून एक मूल हवंय. तो विचार सोडणार असाल तरच मी ते देईन.”

“हो,” पार्योनो म्हणाला.

“आणखी नाही का काही?” मुरवानीनं विचारलं.

“आहे. तेही लवकर लागू पडतं. पण झोप येते, सुरुवातीला दिवसासुद्धा.”

“माझ्या चुलीवर मेण उकळत असतं, बाई. त्यात डोकं घालून झोपू?” ती खदखदून हसली, आणि हसता हसताच तिचे डोळे वाहू लागले.

“थोडे दिवस काम बंद ठेवा.”

“आणि मग दिवसभर काय करू? मरायचाच विचार?”

“हो,” पार्योनो सवयीनं म्हणाला.

“अहो, हो म्हणजे कुठलं?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“तुम्ही द्याल ते.”

“मी देईन. पण काय गमावायला तयार आहात ते तुम्ही सांगायला हवं, आणि ते आजच. हिला अशी घरी पाठवणार नाही मी.”

मुरवानी एकदम वेनिंगकडे वळली. “तू सांग गं. मी कापड रंगवू, का तुला भाऊ आणू? पटकन सांग. काहीतरी एकच.”

वेनिंगला दोन्ही हवं होतं. त्याहून जास्त आई हवी होती, पण त्या प्रश्नात तसं उत्तरच नव्हतं.

“पोरीला काय विचारतेस!” पार्योनोचा आवाज चढला.

“मग तुम्ही बोला! जन्मात कधी कुणाला नाही म्हणालात?”

पार्योनो डॉक्टरीणबाईंच्या तोंडाकडे बघू लागला.

डॉक्टरीणबाईंनी कोरा कागद पुढे सरकवला. “राहू दे. आधी तुमचा हात आज कसा चालतो ते बघू. पुढे कापायला लागला तर ताडून पाहता येईल. मधून सुरू करा आणि गोल गोल बाहेर या.”

मुरवानीनं पेन घेतलं. वेढ्यामागून वेढा निघू लागला. दोन वेढ्यांत सगळीकडे सारखं अंतर, कुठे थरथर नाही. वेनिंगच्या जिवात जीव आला.

“छान. पुरे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

वेढा मोठा होत गेला.

“मुरवानी, पुरे हं.”

“थांबत नाही, बाई,” मुरवानी म्हणाली. तिचे खांदे गदगदत होते, हनुवटीवरून पाणी ठिबकत होतं, आणि हात मात्र तसाच सफाईनं फिरत होता. “मला थांबवता येत नाही.”

पेन कागदाच्या कडेवरून टेबलाच्या काचेवर उतरलं. काचेवर शाई उमटेना, नुसती खरखर झाली. मग ते पलीकडून पुन्हा कागदावर चढलं. पार्योनोनं ओंजळीत तोंड लपवलं. डॉक्टरीणबाई नर्सला हाक मारायला दाराकडे धावल्या.

रेघ तुटू नये म्हणून वेनिंगनं आपला हात कागदाच्या कडेला लावून काचेवर पालथा ठेवला. पेन फिरत आलं, तिच्या बोटांवर चढलं, रेघ ओढत पलीकडे उतरलं आणि कागदावर गेलं. पुढच्या वेढ्याला तिनं समोरच्या कडेशी दुसरा हातही ठेवला, आणि दोन्ही हात जराही हलू दिले नाहीत.