सोळा तासांचं विमान

सहाव्या तासाला म्हाताऱ्याने खुर्चीचे हात घट्ट धरले. खोलीला बाहेरून कडी होती आणि काडेपेटी बायकोच्या कमरेला खोचलेली होती.

"अहो, विमान अजून समुद्रावरच आहे," ती दाराआडून म्हणाली. "जमत नसेल तर सांगा. जायचं रद्द करू."

"रद्द कोण म्हणतंय? तू तुझं काम बघ."

जन्मभर ट्रक चालवलेला हा माणूस अंतर सिगारेटींत मोजायचा. बाजार अर्ध्या सिगारेटीवर, धाकट्या भावाचं गाव चार सिगारेटींवर. लेकीच्या शहराचा हिशेब केला तर दोन पाकिटं भरली, आणि विमानात म्हणे एकही ओढता येत नाही. सलग सोळा तास! एकदा चोरून पेटवली म्हणून कंडक्टरने त्याला बसमधून मधेच उतरवलं होतं. विमानात तीही सोय नव्हती.

पण नातू झाला होता. चार महिन्यांचा, छातीने फार नाजूक. लेक त्याला फोनवर दाखवायची, तेही घाईघाईत, पडदे ओढलेल्या अंधाऱ्या खोलीतून. तिकडे रात्र असते ना, असं बायको समजावायची. म्हाताऱ्याचा जीव तुटायचा. सिगारेट सोडतो म्हणून त्याने लेकीला पूर्वी कितीदा शब्द दिला होता आणि दर वेळी गच्चीवरच्या टाकीमागे जाऊन मोडला होता. शेवटी तिने सांगणंच सोडलं. या खेपेला मात्र बायकोने प्रवासाचा विषय काढताच तो आपणहून म्हणाला, आधी सराव करू.

पहिल्या दिवशी दोन तासांतच त्याने दारावर लाथा घातल्या. "तुमचं विमान धावपट्टीवरच बसलं," बायको हसली. ते हसणं त्याला झोंबलं. दुसऱ्या दिवशी तो लवंगा चघळत, बायकोला शिव्या देत बसला, पण बसला.

सोळा तास जमले, तेव्हा बायको म्हणाली, ही विमानं उशिरा सुटतात म्हणे. त्याने अख्खा दिवस काढला. मग ती म्हणाली, तिथे लेकीच्या घरातही धूर चालायचा नाही, महिनाभर राहायचंय. विमान कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार करून त्याने तेही मनावर घेतलं. आता दाराला कडी लागत नव्हती. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने सवयीने पाकीट पुढे केलं, तर हा साबणाची वडी घेऊन परत आला. बायकोने पडदे धुतले, गाद्या उन्हात टाकल्या, भिंतींना रंग दिला. परगावी जायचं तर घर स्वच्छ करून जावं, असं तिचं म्हणणं.

महिना उलटला त्या सकाळी तो बॅग भरून दारात बसला.

"आता काढ तिकिटं. सोळा काय, सोळाशे तास बसतो," तो म्हणाला. "मला माझं पोर मांडीवर घ्यायचंय गं."

बायकोने डोळे पुसले आणि फोन घेऊन ती गॅलरीत गेली. लेकीने पहिल्याच घंटीला उचलला.

"जिंकले गं ते. घरात धुराचा वाससुद्धा उरला नाही. घे बाळाला आणि ये," ती म्हणाली. "गाडी कशाला? मावशीच्या घरून चालत पाच मिनिटं तर लागतात."