चुकीचं उत्तर

"दोन बहिणींच्या वयांत तीन वर्षांचं अंतर, वयांचा गुणाकार दोनशे सत्तर. धाकटीचं वय सूत्रानं काढ," म्हणत नव्या सरांनी तिच्या हातात खडू दिला. महिन्याभरानं शाळेत आलेली ती फळ्याकडे निघाली, तसा वर्ग चिडीचूप झाला.

वर्गमूळही तिनं तोंडीच काढलं. सूत्र ताईनं तिच्याकडून घोटून घेतलेलं. दोन उत्तरं आली: पंधरा आणि वजा अठरा.

"शाब्बास! पण वय कधी ऋण असतं का? चुकीचं उत्तर पुसून टाक."

तिनं डस्टर उचललं आणि पंधरा पुसलं.

"अगं, हे काय?"

"ताई अठराची होती, मी पंधराची, सर. विहिरीत पडले मी होते. मला वर ढकलून तीच बुडाली."