गुरुवारच्या भाकऱ्या

सकाळी सहाला हौसाबाई गाठोडं घेऊन निवाऱ्याच्या फाटकाशी उभी होती. अंगात ताप होता, तो कळू नये म्हणून तिने पदर कपाळावर ओढला होता. आधीच्या निवाऱ्यात उजाडलं की सगळ्या बायकांना बाहेर काढत आणि आजारी बाईला संध्याकाळी परत घेत नसत. इथे येऊन तिला एकच दिवस झाला होता.

"मावशी, कुठं निघालात?" निवारा सांभाळणाऱ्या नलूताईंनी विचारलं.

"बसते देवळापाशी. संध्याकाळी घ्याल ना आत?"

"अहो, पण जाताय कशाला?" ताईंनी तिचा हात धरला. "अगं बाई! अंग तव्यासारखं तापलंय."

"ताप नाही हो, उन्हानं झालंय."

"सकाळी सहाला कुठलं ऊन?"

ताईंनी तिला आत नेऊन खाटेवर निजवलं. "इथं दिवसा कुणाला बाहेर काढत नाहीत. सहा महिने राहा. मग काम बघू, खोली बघू."

हौसाबाईला ते खरं वाटेना. ती दाराकडे बघत पडून राहिली.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून कुणीतरी ओरडलं, "ताई, गुरुवारी भाकऱ्या कोण थापणार?"

"या नव्या मावशी," ताई म्हणाल्या. "चाळीस भाकऱ्या आहेत, मावशी. तोवर बऱ्या व्हा, नाहीतर सगळ्या मिळून मला खातील."

आज सोमवार होता. हौसाबाईने बोटांवर दिवस मोजले आणि भरदिवसा, भिंतीकडे तोंड करून, ती गाढ झोपली.