इज की वॉज

मृण्मयी स्वयंपाकघरात कोसळली, तेव्हा घरात फक्त तिची आई होती. इंदुताई नुकत्याच लेकीकडे कॅनडाला आल्या होत्या. त्यांनी मदतीचा नंबर लावला.

“इज शी ब्रीदिंग?” पलीकडच्या बाईने विचारलं.

श्वास चालू आहे का, एवढं त्यांना कळलं. पण ‘इज’ कधी आणि ‘वॉज’ कधी, हे लेकीने कितीदा समजावूनही डोक्यात बसलं नव्हतं.

“येस. शी वॉज ब्रीदिंग.”

“वॉज? नॉट नाऊ?” बाईचा आवाज बदलला.

“नो, नो! वॉज... इज... अगं बाई, चालूय गं श्वास!” इंदुताई हुंदके देऊ लागल्या. मग त्यांनी फोनच मृण्मयीच्या नाकाशी धरला.

बाईने घरघर ऐकली. “गुड. आय कॅन हिअर हर.”

रुग्णवाहिकेची माणसं आली, ऑक्सिजन लावू लागली, तरी इंदुताई फोन बाजूला घेईनात.