गोंधळाचं एक मिनिट

बी.एड.च्या अंतिम परीक्षेत शर्वरी घोरमाडे नववीवर भौतिकशास्त्राचा पाठ घेत होती. मुलांच्या कपाळावरच्या पट्ट्या त्यांच्या मनातला गोंधळ संगणकाला कळवत होत्या. वर्ग मिनिटभर गोंधळलेला राहिला की शिक्षक नापास, असा नियम होता.

“काठोकाठ भरलेल्या पेल्यातला तरंगता बर्फ वितळला तर पाणी सांडेल का?” तिने विचारलं.

गोंधळ दाखवणारा भिंतीवरचा पडदा लालेलाल झाला.

“चाळीस सेकंद झाले, उत्तर सांगून टाका,” परीक्षक कुलथे सर कुजबुजले.

“नाही सांगणार, सर. मुलं विचार करतायत.”

मिनिट उलटलं आणि संगणकाने तिला नापास केलं.

“पुढच्या वर्षीही मी असंच शिकवणार,” म्हणत तिने निकालावर सही केली.

तेवढ्यात मागच्या बाकावरची रुबिना ओरडली, “मॅडम, सांडणार नाही! पण का, ते आत्ता सांगू नका!”