व्याह्यांचा पेढा

"मी परातभर जिलेब्या रिचवलेला माणूस! एका पेढ्याने मला काय होतंय?" लेकीच्या, केतकीच्या साखरपुड्यात दिनकरराव छाती फुगवून म्हणाले.

"अहो, ते जुनं पोट होतं," बायको कुजबुजली. "आता सगळ्यांच्याच पोटात सरकारी जंतू सोडलेत. कोशिंबिरीवर वाढलेले. साखर मिळाली की ते तिची दारू करतात."

पण व्याह्यांनी भरवलेला पेढा नाकारायचा कसा? दिनकररावांनी तो अख्खा गिळला आणि थोड्याच वेळात ते व्याह्यांच्या गळ्यात पडले.

"घोरपडेसाहेब, खरं सांगू? तुमचं पोरगं आम्हाला अजिबात पसंत नव्हतं. पोरगीच ऐकेना!"

घोरपडे ताडकन उठले. "चला रे, गाडी काढा!"

केतकीने पेढ्यांचं ताट उचललं. "काका, जायचं तर जा, पण तोंड गोड करून जा," म्हणत तिने होणाऱ्या सासऱ्यांना दोन पेढे भरवले.

जरा वेळाने घोरपडे दिनकररावांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होते. "मलापण नाही हो आवडत तो!"

लग्न पक्कं झालं.

गुरुजींनी मघाशीच नैवेद्याचा पेढा खाल्ला होता. त्यांनी मंत्र म्हणत केतकीची अंगठी घोरपड्यांच्या बोटात घातली.