पुढे सरकवलेला ट्रे

प्रभुभोजनाचा ट्रे माझ्याकडे आला आणि मी तो तसाच पुढे सरकवला. आमच्या चर्चची रीतच आहे, कुणाशी भांडण असेल तर आधी मिटवायचं, मगच भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा.

तीन महिने माझं हेच चाललंय. मार्थाकाकू सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "शाळा सोडलेल्या पोरीला पवित्र शास्त्र वाचायला कशाला देता?" मी पण सोडलं नाही. "तुम्ही गायला लागलात की छपरावरची कबुतरं उडतात!" तेव्हापासून प्रार्थनेला डोळे मिटले की देवाऐवजी काकूच दिसायच्या.

आज बघते तर पुढच्या बाकावर काकूंनीही ट्रे तसाच पुढे दिला. म्हणजे त्या पण तीन महिने माझ्यासारख्याच? माझा रागच गेला. उठले आणि त्यांच्याशेजारी जाऊन बसले.

"काकू, चुकलं माझं."

"माझंही गं." मग हळूच म्हणाल्या, "कबुतरं खरंच उडतात का?"

"थोडी थोडी."

हसू दाबत त्यांनीच हात वर केला. "पाळकसाहेब, इकडे दोघी राहिल्यात!"

द्राक्षरस घोटभरच होता. डोळे मिटले, तर समोर फक्त देव. काकू शेजारी होत्या.